नांदेड व लातूर जिल्ह्यांतील उघड्यावरील खाद्यबाजारांचे नियमन

कायमस्वरूपी इमारतीच्या बाहेर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, मैदानात, गावाच्या बाजारतळावर किंवा यात्रेच्या ठिकाणी भरणाऱ्या आणि कच्चे वा शिजवलेले अन्नपदार्थ थेट ग्राहकास विकणाऱ्या बाजारास उघड्यावरील खाद्यबाजार असे म्हणतात. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत असे बाजार तीन स्वरूपांत आढळतात : शहरांतील हातगाड्या व खाऊगल्ल्या, गावोगावचे आठवडी बाजार आणि यात्रा-जत्रांमधील तात्पुरती दुकाने.

या बाजारांना लागू होणारा एकच स्वतंत्र कायदा नाही. अन्नाची सुरक्षितता, विक्रेत्याचा जागेवरील हक्क, बाजारतळाची व्यवस्था, आग व इंधन, वजने-मापे आणि कचरा या प्रत्येक बाबीसाठी वेगळा कायदा व वेगळी यंत्रणा आहे. अन्नसुरक्षेचा कायदा शहर, खेडे आणि यात्रा अशा सर्व ठिकाणी विक्रेत्यास लागू होतो. त्याच्या उपजीविकेस संरक्षण देणारा पथविक्रेता कायदा मात्र नागरी हद्दीपुरताच मर्यादित आहे. पाणी, सांडपाणी व स्वच्छतागृहे यांची सोय बहुतांशी विक्रेत्याच्या हाती नसून ती स्थानिक स्वराज्य संस्थेकडे असते.

पार्श्वभूमी

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. बाजारातील बैठकीच्या करास या भागात आजही वापरला जाणारा ‘तहबाजारी’ हा शब्द जुन्या महसुली व्यवहाराची आठवण देतो. नांदेडमधील ‘इतवारा’ या भागाच्या नावातही रविवार या वाराचा उल्लेख आहे. लातूर शहराची व्यापारपेठ गंजगोलाई या वर्तुळाकार चौकाभोवती वसली असून त्यास सोळा रस्ते येऊन मिळतात. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला.

नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका १९९७ मध्ये आणि लातूर शहर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. उदगीर, अहमदपूर, औसा, निलंगा, देगलूर, मुखेड, भोकर, लोहा यांसारख्या गावांत नगरपरिषदा असून उर्वरित बहुसंख्य गावांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. एखाद्या बाजारास कोणते नियम लागू होतील, हे बऱ्याच अंशी या वर्गवारीवर अवलंबून असते.

भजी, पुरी-भाजी, जिलेबी, शेव-चिवडा, चुरमुऱ्यांपासून केलेला सुशीला, उसाचा रस आणि उन्हाळ्यात बर्फगोळा हे या बाजारांतील नेहमीचे पदार्थ होत. यांखेरीज भाजीपाला, फळे, मसाले, डाळी, भगर, अंडी, मांस व सुकी मासळी यांचीही विक्री होते.

अन्नसुरक्षा कायदा

अन्नपदार्थांच्या विक्रीवरील मुख्य कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ होय. तो ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अमलात आला व त्याने १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियमाची जागा घेतली. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. जिल्हा पातळीवर सहायक आयुक्त (अन्न) आणि त्यांच्या अधिपत्याखालील अन्न सुरक्षा अधिकारी हे काम पाहतात.

नोंदणी. अधिनियमाच्या कलम ३१ नुसार कोणताही अन्नव्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. तथापि किरकोळ विक्रेते, फेरीवाले, फिरते विक्रेते आणि तात्पुरत्या दुकानाचे धारक यांना परवान्यातून सूट असून त्यांनी केवळ नोंदणी करावयाची असते. २०११ च्या विनियमांत वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि नोंदणी शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवण्यात आले. अर्ज आल्यापासून सात दिवसांत नोंदणी देणे, कारण देऊन नाकारणे किंवा तपासणीची नोटीस काढणे अपेक्षित असते. यांपैकी काहीच न झाल्यास, किंवा तपासणी होऊनही तीस दिवसांत निर्णय न झाल्यास, विक्रेत्यास व्यवसाय सुरू करण्याची मुभा या विनियमांनी दिली. नोंदणी प्रमाणपत्र गाडीवर वा दुकानात सहज दिसेल अशा जागी लावणे आवश्यक असते.

धार्मिक व सामाजिक कार्यक्रमांतील अन्नवाटप. याच विनियमांतील लघु अन्नव्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही समावेश आहे. त्यामुळे विक्री नसलेले महाप्रसाद व भंडारे हेही अन्नसुरक्षेच्या नियमांबाहेर राहत नाहीत.

शेतकऱ्यांना सूट. स्वतःच्या शेतातील माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतस्तरावरील उत्पादनास हा अधिनियम लागू होत नाही. मात्र तोच माल विकत घेऊन बाजारात विकणारा व्यापारी अन्नव्यावसायिक ठरतो. आठवडी बाजारात हे दोन्ही विक्रेते शेजारी-शेजारी बसत असल्याने हा भेद ग्राहकास सहसा दिसून येत नाही.

स्वच्छतेच्या अटी

२०११ च्या विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये लहान अन्नव्यवसायांसाठी स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. उघड्यावरील विक्रीच्या दृष्टीने त्यांतील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत :

– गाडीचा कामाचा पृष्ठभाग पाणी न शोषणारा व सहज धुता येण्याजोगा असावा आणि तो जमिनीपासून किमान ६० ते ७० सेंटीमीटर उंच असावा.
– अन्नाचे ऊन, वारा, धूळ व माश्यांपासून संरक्षण करावे.
– स्वयंपाक, पिणे व भांडी धुणे यांसाठी पिण्यायोग्य पाणीच वापरावे.
– अन्न हाताळणाऱ्यास संसर्गजन्य रोग नसावा. त्याने हात धुवावेत, नखे कापलेली ठेवावीत, जखम झाकावी आणि काम करताना तंबाखू खाणे वा थुंकणे टाळावे.
– कच्चे व शिजवलेले, तसेच शाकाहारी व मांसाहारी पदार्थ वेगळे ठेवावेत.
– गाडीजवळ झाकण असलेली कचरापेटी असावी.

तापमान ही मराठवाड्यात विशेष महत्त्वाची बाब आहे. शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. या दोन मर्यादांमधील तापमानात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील दिवसाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे सकाळी केलेली चटणी, उकडलेले बटाटे किंवा दुधाचे पदार्थ दिवसभर उघड्यावर राहिल्यास ते याच धोकादायक पट्ट्यात राहतात. कमी प्रमाणात व वरचेवर ताजे पदार्थ करणे, हा शीतकपाट नसलेल्या विक्रेत्यापुढील व्यवहार्य उपाय मानला जातो.

तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. कृत्रिम खाद्यरंग केवळ ठरावीक पदार्थांत व ठरावीक मर्यादेत वापरता येतात. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या वापरास मनाई आहे. २०१८ च्या आवेष्टनविषयक विनियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास व ठेवण्यास बंदी घातली, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम व तेलकट पदार्थांत उतरतात. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचे निर्देश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिले. रसवंती व बर्फगोळ्याच्या गाड्यांच्या दृष्टीने हा नियम महत्त्वाचा आहे.

पाण्याचा प्रश्न

अनुसूची ४ मधील बहुतेक अटींचा आधार स्वच्छ पाणी हाच आहे. लातूर शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः मांजरा प्रकल्पावर आणि नांदेड शहराचा गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पावर अवलंबून आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा प्रकल्प कोरडा पडला. त्या वर्षी मार्चमध्ये लातूरमधील पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करण्यात आला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली.

अशा टंचाईच्या काळात खाद्यविक्रेता टँकर, विंधन विहीर किंवा विकतच्या जारवर अवलंबून असतो. पाणी महाग झाले की भांडी एकाच बादलीत पुन्हा पुन्हा विसळणे आणि हात धुणे टाळणे असे प्रकार वाढण्याचा धोका असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात वापराच्या ठिकाणी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरने पाण्याचे शुद्धीकरण करतो व ओटी चाचणीने त्याची तपासणी करतो. बाजाराच्या दिवशी बाजारतळावरील नळ वा टाकी या तपासणीत असणे, हे त्या दिवशी गावात येणाऱ्या शेकडो ग्राहकांच्या आरोग्याशी निगडित असते.

पथविक्रेत्यांचे हक्क

रस्त्यावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग प्रकरणात १९८९ मध्ये मान्य केले. महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने, कायदा होईपर्यंत २००९ चे राष्ट्रीय धोरण अमलात आणण्याचे आदेश दिले. त्यानंतर संसदेने पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला व तो १ मे २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्र शासनाने त्याखालील नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये प्रसिद्ध केली.

या अधिनियमानुसार प्रत्येक नागरी स्थानिक संस्थेत नगर पथविक्रेता समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःमधून निवडलेले असावेत व त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात. वाहतूक पोलीस व वैद्यकीय अधिकारी यांनाही समितीत स्थान आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे, लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांच्या मर्यादेत विक्रेत्यांना सामावून घेणे, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या पात्र विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र देणे आणि विक्री क्षेत्रे आखणे, ही या व्यवस्थेची मुख्य अंगे आहेत. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विद्यमान विक्रेत्यास हटवता येत नाही.

स्थलांतर वा निष्कासनापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी विक्रेत्यास देणे बंधनकारक असून, विहित शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. फळे, भाजी व शिजवलेले अन्न विकणाऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद अत्यंत महत्त्वाची आहे, कारण एका दिवसाचा माल नासल्यास त्यांचे भांडवलच संपुष्टात येते. विनाप्रमाणपत्र विक्री करणाऱ्यास दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अन्नसुरक्षेची नोंदणी आणि विक्री प्रमाणपत्र या दोन भिन्न बाबी आहेत. नोंदणीमुळे अन्न विकण्याची अनुमती मिळते, परंतु रस्त्यावरील जागेचा हक्क मिळत नाही. त्याचप्रमाणे विक्री प्रमाणपत्र मिळाल्याने अन्नाच्या स्वच्छतेची जबाबदारी संपत नाही.

आठवडी बाजार

पथविक्रेता अधिनियमातील ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत व कटकमंडळ यांचा समावेश होतो. ग्रामपंचायतींचा त्यात उल्लेख नाही. परिणामी खेड्यातील आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यास नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण किंवा निष्कासनाविरुद्धची नोटीस हे संरक्षण मिळत नाही. आठवड्यातून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या गावी जाणारा एकच विक्रेता नागरी हद्दीत या कायद्याच्या कक्षेत येतो व ग्रामीण हद्दीत तिच्या बाहेर जातो.

ग्रामीण बाजारांचे नियमन महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार होते. बाजारतळाची देखभाल व बाजार शुल्काची आकारणी ग्रामपंचायत करते. वसुलीचे काम अनेक ठिकाणी वार्षिक लिलावाने ठेकेदारास दिले जाते. शुल्क भरल्याची पावती ही बसण्याच्या जागेपुरतीच असते व ती अन्नसुरक्षा नोंदणीस पर्याय ठरत नाही. शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून ओटे, पाणी, दिवाबत्ती, स्वच्छतागृह व बाजार उठल्यानंतरची सफाई या सोयींची अपेक्षा असते. महिला विक्रेत्यांची संख्या मोठी असल्याने स्वच्छतागृह आणि हात धुण्याची सोय यांचा संबंध त्यांच्या आरोग्याशी व अन्नाच्या सुरक्षिततेशी एकाच वेळी येतो.

जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त केला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू करण्यात आले. त्यामुळे शेतकऱ्यांना शहरांत थेट ग्राहकांना माल विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

अनेक बाजार राज्य वा राष्ट्रीय महामार्गालगत भरतात. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर विनापरवाना दुकान मांडण्यास २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (भूमी व वाहतूक) अधिनियमानुसार मनाई आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा वा धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार दंडनीय अपराध आहे.

यात्रा व मोठे मेळावे

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात भरणारी खंडोबाची यात्रा, माहूर येथील रेणुकादेवीचा नवरात्रोत्सव आणि लातूर येथील महाशिवरात्रीची सिद्धेश्वर यात्रा ही या भागातील मोठी गर्दीची ठिकाणे आहेत. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये वर्षभर सामुदायिक भोजन होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली व लोह्यातील उपजिल्हा रुग्णालयासह अनेक रुग्णालयांत रुग्णांवर उपचार करावे लागले. आजूबाजूच्या गावांतील लोक एकाच ठिकाणी जेवल्यामुळे बाधितांची संख्या मोठी होती. मोठ्या प्रमाणावर शिजवलेले अन्न लवकर थंड होत नाही व वाटपापर्यंत अनेक तास कोमट राहते. त्यामुळे अशा प्रसंगी स्वयंपाक व वाटप यांमधील वेळ कमी ठेवणे, पाण्याचा स्रोत तपासून घेणे आणि कच्च्या मालाच्या पावत्या जपून ठेवणे या खबरदाऱ्या सांगितल्या जातात.

उपवासाच्या दिवसांत भगरीपासून होणाऱ्या विषबाधेच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडतात. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर व विशेषतः तिच्या पिठावर बुरशीची वाढ होऊन विषारी द्रव्ये तयार होतात. सुटे तयार पीठ न घेता पाकीटबंद भगर घ्यावी, ती धुऊन व वाळवून घरीच दळावी आणि पीठ फार दिवस साठवू नये, असे आवाहन अन्न व औषध प्रशासन नवरात्र व महाशिवरात्रीपूर्वी करते.

आग, इंधन व वीज

घरगुती वापराचा १४.२ किलोग्रॅमचा गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास मनाई असून व्यावसायिक वापरासाठी १९ किलोग्रॅमचा सिलिंडर घ्यावा लागतो. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार १०० किलोग्रॅमपर्यंतच्या द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या साठ्यास स्वतंत्र परवाना लागत नाही. सिलिंडर उभा ठेवणे, रबरी नळी वेळोवेळी बदलणे, शेगडी व गर्दीची वाट यांत अंतर राखणे आणि कापडी छताखाली उघडी ज्योत टाळणे, ही किमान काळजी होय. आगीपासून बचावाच्या उपायांसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. यात्रेतील दुकानांच्या रांगांमध्ये अग्निशामक वाहन जाईल एवढी वाट ठेवण्याची जबाबदारी आयोजकांवर येते.

दिव्यांसाठी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घेता येते. तारेवर आकडा टाकून वीज घेणे ही विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ नुसार वीजचोरी ठरते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अशा तारांमुळे विजेचा धक्का बसण्याचाही धोका असतो.

वजने-मापे, प्लास्टिक व कचरा

वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार तराजू व वजनांची ठरावीक मुदतीने पडताळणी करून मुद्रांकन करून घ्यावे लागते. इलेक्ट्रॉनिक काट्यांसाठी ही मुदत एक वर्षाची, तर वजनांसाठी दोन वर्षांची आहे. वजनाऐवजी दगड वापरणे हा अपराध आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या, तसेच प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या व पेले यांवर बंदी घातली. पहिल्या उल्लंघनास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद त्यात आहे. केंद्र शासनाची एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक पथविक्रेत्यावर स्वतःच्या व्यवसायातील कचरा साठवण्याची व तो नेमून दिलेल्या ठिकाणी टाकण्याची जबाबदारी टाकली.

तपासणी, शिक्षा व भरपाई

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेताना त्याचे चार भाग करतो. त्यांपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो व त्याचा अहवाल चौदा दिवसांत अपेक्षित असतो. विक्रेत्याने मागणी केल्यास एक भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. ग्राहकालाही कलम ४० नुसार शुल्क भरून, विकत घेतलेल्या पदार्थाचे विश्लेषण करून घेता येते. अटींचे पालन होत नसल्यास प्रथम सुधारणा नोटीस दिली जाते.

अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मागणीप्रमाणे दर्जाचे अन्न न विकल्यास सर्वसाधारण दंड पाच लाख रुपयांपर्यंत असला, तरी नोंदणीधारक लहान विक्रेत्यांसाठी ही मर्यादा पंचवीस हजार रुपये आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे व कमाल जन्मठेपेची शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड होतो. या बाबतीत लहान विक्रेत्यास सवलत नाही. कलम ६५ नुसार मृताच्या वारसास किमान पाच लाख, गंभीर दुखापतीस तीन लाखांपर्यंत व इतर दुखापतीस एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. भेसळ व घातक अन्नविक्री हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २७४ व २७५ नुसारही अपराध आहेत.

सुधारणांचे प्रयत्न

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून पथविक्रेत्यांना सुरुवातीस दहा हजार रुपयांचे विनातारण खेळते भांडवल कर्ज उपलब्ध झाले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशातील १०० जिल्ह्यांत १०० आदर्श खाद्यरस्ते विकसित करण्याचा आणि प्रत्येकी एक कोटी रुपये साहाय्य देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह, फरसबंदी व कचरा व्यवस्था यांसाठी हे साहाय्य आहे. सुरक्षित अन्नासाठी विक्रेत्याच्या सवयींइतकीच बाजाराच्या जागेची व्यवस्था आवश्यक आहे, हे तत्त्व या कार्यक्रमाने स्वीकारले. ग्रामपंचायतींच्या हद्दीतील आठवडी बाजारांत ही व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी मात्र आजही प्रामुख्याने ग्रामपंचायतीवरच आहे.